दोन्हीकडचा पाहुणा

नोकरीत चोर पाहिले, दरोडेखोर पाहिले, खुनीही पाहिले; पण लग्नघरातलं ते प्रकरण आठवलं की आजही मी खुर्चीतून अर्धा उठतो. बायको म्हणते, "झालं, आता पुन्हा तेच सांगणार." सांगणारच! कारण तो गुन्हा कुठल्या अड्ड्यावर घडला नव्हता. तुमच्या-आमच्या घरात, तुमच्या-आमच्या स्वभावामुळे घडला होता. नावं मात्र कोणाचीच देणार नाही. ती माणसं यवतमाळात राहतात, बाजारात भेटतात, चहा पाजतात.

तेव्हा मी शहरातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. उन्हाळ्याचे, लग्नसराईचे दिवस. सकाळची हजेरी आटोपली होती, रात्रपाळीचे लोक घरी गेले होते, ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत बसला होता. तेवढ्यात तोंडाला स्कार्फ बांधलेली एक मुलगी स्कूटी लावून आत आली आणि त्याला म्हणाली, "तक्रार न देता नुसतं सांगता येतं का हो?"

अंमलदाराने माझ्याकडे पाहिलं. मी तिला आत बोलावलं. आमच्या महिला हवालदार होत्या, ठाण्यात त्यांना सगळे ताई म्हणत, त्यांनाही सोबत बसवलं. मुलीने स्कार्फ सोडला, पाणी प्यायली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

तिचं लग्न ठरलं होतं, साक्षगंध, म्हणजे आमच्या भागातला साखरपुडा, झाला होता. मुलाचं घर फुलसावंगीचं, म्हणजे पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. शेती चांगली, माणसं मोकळी. मुलगा तिला मनापासून आवडलेला. हिचे वडील सरकारी कचेरीतून मोठे बाबू म्हणून निवृत्त झालेले, घर लोहाऱ्याच्या रस्त्यावरच्या एका कॉलनीत. लग्नाचे पाहुणे घरी येणार, म्हणून समोरची खोली आणि माजघर यांच्यामधली भिंत काढून मोठा हॉल करायचं ठरलं. ठेकेदाराने भिंत पाडली, वरच्या स्लॅबला लाकडी बल्ल्यांचे टेकू दिले, बीम टाकायला म्हणून जवळजवळ सगळे पैसे नेले आणि दिसेनासा झाला. फोन बंद.

"स्लॅबला चीर गेली आहे सर. रोज थोडी वाढते. बाबा त्या बल्ल्यांच्या मधोमध खाट टाकून झोपतात. म्हणतात, आवाज आला तर मला आधी कळेल, तुम्हाला उठवता येईल."

"अहो, मग तक्रार का देत नाही तुमचे बाबा?"

तिने मान खाली घातली. "तो सासरकडचा माणूस आहे सर. त्यांच्या पाहुण्यावर पोलीस केस केली तर सोयरीक मोडेल म्हणतात. मी इथं आले हे त्यांना माहीत नाही."

ती गेल्यावर ताई म्हणाल्या, "सर, बाप लेकीचं लग्न वाचवासाठी स्लॅबखाली झोपून राह्यला." मी टोपी काढून ठेवली आणि म्हटलं, साधे कपडे घाला, निघू.

जाताना ओळखीच्या एका इंजिनिअरला सोबत घेतलं. बाबूंनी दार उघडलं आणि मला ओळखून त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मी म्हटलं, "घाबरू नका, गुन्हा दाखल करायला नाही आलो. घर पाहायला आलो." इंजिनिअर आत गेला. त्याने वर पाहिलं, बल्ल्यांकडे पाहिलं, आणि सरळ अंगणात निघून गेला. तिथून हाक मारली, "साहेब, सगळ्यांना घेऊन बाहेर या. बोलणं बाहेरच करू."

अंगणात खुर्च्या टाकल्या. मी विचारलं, "ठेकेदाराचं नाव काय?"

"पाहुणे."

"अहो, नाव!"

"आम्ही पाहुणेच म्हणायचो." बाबू घामाघूम झाले. "नाव विचारायचं कसं साहेब? साक्षगंधात एवढे मिसळून वागले. त्यांना वाटलं असतं, यांना आपले सोयरेसुद्धा ओळखता येत नाहीत."

"काही करारपत्र?"

"पाहुण्याकडून करार लिहून घ्यायचा? काय म्हणतील मुलाकडचे!"

"नगर परिषदेची परवानगी? ठेकेदार म्हणून याची नोंदणी कुठे आहे? आधी कोणाचं काम केलं, ते पाहून आलात?"

बाबू नुसती मान हलवत राहिले. मला राग आला, हसूही आलं. ज्या माणसाने आयुष्यभर एका सहीसाठी लोकांच्या फायली परत पाठवल्या, त्याने स्वतःच्या घराची भिंत निनावी माणसाला पाडायला दिली होती! पण चूक एकट्या बाबूंची म्हणता येणार नाही. आमच्याकडे व्याह्यांच्या माणसाला उलट प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. मीही त्यांच्या जागी असतो तर जीभ अडखळली असती.

त्या कुटुंबाला मी तिथल्या तिथे शेजारच्या घरी हलवलं. इंजिनिअरने दुपारपर्यंत लोखंडी टेकू मागवून घर सावरून धरलं. आता त्या पाहुण्याचा पत्ता हवा होता, आणि पत्ता असणार फुलसावंगीत. बाबू हात जोडून म्हणाले, "साहेब, तुम्ही पोलीस आहात हे तिकडे कळू देऊ नका."

"नाही कळू देत." मी त्यांच्यासमोरच मुलाच्या वडिलांना फोन लावला. म्हटलं, मी बाबूंचा मित्र बोलतो, मला घराचं काम करायचं आहे, तुमचे ते ठेकेदार पाहुणे आहेत ना, त्यांचा पत्ता पाहिजे होता.

"आमचे?" तिकडून खणखणीत आवाज आला. "अजी नाही जी! थे तं बाबूसायबाकडचे सोयरे हायेत! साक्षगंधात त्यायनंच तं आमाले आग्रह करकरून जिलेबी वाढली."

मी फोन स्पीकरवर टाकला. बाबूंचं तोंड उघडंच राहिलं.

"तुमच्याकडेही काम केलं का त्यांनी?"

"हाव ना! वरच्या मजल्याले मोठी गॅलरी काढून देली. पोराची हळद वरतंच करतो आता. एक नंबर काम जी!"

"कागदपत्र काही?"

"इवायाच्या माणसाले कागद कसा मांगाव? बरं दिसते का थे?"

फोन ठेवला. बाबू आधी हसायला लागले, मग हसता हसता डोळे पुसायला लागले. बाबू त्याला व्याह्यांकडचा समजत होते, व्याही त्याला बाबूंकडचा! दोन्ही घरं एकाच भिडेपायी एकाच माणसाला डोक्यावर घेऊन बसली होती. बाबू उठले, धोतराचा सोगा आवरला आणि म्हणाले, "चला साहेब, मी फिर्याद देतो." संध्याकाळच्या आत फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. आरोपीच्या रकान्यात अंमलदाराने लिहिलं, नाव-गाव माहीत नाही.

मी लगेच फुलसावंगीला पुन्हा फोन केला आणि या खेपेला खरं सांगितलं. ते गृहस्थ म्हणाले, "बाबूसायबाचं वाईट झालं जी. पन आमचं काम तं पूर्ण हाये. जबाब देतो, पन लग्न होऊ द्या."

साक्षगंधाला दोन्हीकडची शे-दोनशे माणसं पहिल्यांदाच एका छताखाली येतात. कोण कोणाचा मावसा, कोण कोणाचा आत्याचा दीर, काही पत्ता नसतो. अनोळखी चेहरा दिसला की प्रत्येकजण मनात म्हणतो, तिकडचा असेल. आमच्या या भिडूने ही फट बरोबर हेरली होती! पांढरा शर्ट घालायचा, आत शिरायचं आणि हातात वाढायचं ताट घ्यायचं. वाढणाऱ्या माणसाला कोण विचारतं? आग्रहाने खाऊ घालता घालता घरच्या गोष्टी निघतातच. लग्न म्हटलं की रंगरंगोटी आली, वाढीव खोली आली, न्हाणीघराच्या फरशा आल्या. मग हा म्हणणार, "मी हायेच ना, घरचा मानूस."

मुलीने साक्षगंधाचे फोटो मोबाइलवर पाठवले. एका फोटोत स्वारी स्पष्ट होती: हातात जिलेबीचं ताट, तोंडभर हसू. तो फोटो घेऊन आमचं गुन्हे शोध पथक शहरातली मंगल कार्यालयं फिरलं. एका व्यवस्थापकाने फोटो पाहताच टाळी दिली. "हे तं आपले नेहमीचे! प्रत्येक साक्षगंधाले असतात. मले वाटे, मोठं खटलं असन यायचं." त्याच कार्यालयात दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी एक साक्षगंध होतं.

काय सांगू, त्या दिवशी मला पहिल्या नेमणुकीवर निघालेल्या फौजदारासारखं झालं होतं! मी पांढरा शर्ट घातला, ताई जरीची साडी नेसून आल्या, पथकाचे दोघे वाढप्यांत मिसळले. दारातच एका जाड्या गृहस्थाने मला मिठी मारली. "या, या! मुलाकडचे ना?" मी हसलो. दोन पावलं पुढे गेलो तर एका आजीबाईंनी विचारलं, "मुलीकडचे का बाप्पा?" मी पुन्हा हसलो. थोड्या वेळात माझ्या डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टॉवेल होता, मान म्हणून! एका ठाणेदाराला कोणी नाव विचारलं नाही, तर त्याला कोण विचारणार होतं?

पंगत बसली. मीही पानावर बसलो. वरण-भात झाला, भाजी झाली, आणि मग तो आला. हातात ताट, पाठीत नम्र वाक. "घ्या जी, एक तं घ्याच! आमच्या हातची कायले नाही म्हन्ता?"

मी जिलेबी घेतली नाही. त्याचं मनगट धरलं आणि मोठ्याने विचारलं, "घेतो. पण आधी सांगा पाहुणे, तुम्ही कोणाकडचे?"

तो हसला. "मी आपला दोन्हीकडचा जी."

"असं कसं चालेल?" मी पंगतीकडे वळलो. "मंडळी, हे मुलीकडचे का?"

मुलीचा मामा म्हणाला, "नाही बा, हे तं मुलाकडचे."

मुलाचा काका पानावरून उठला. "आमचे? आमी तं तुमचे समजून राह्यलो होतो!"

सगळी पंगत हातातला घास तसाच धरून त्याच्याकडे पाहायला लागली. ताट खाली पडलं, जिलेब्या गडगडत गेल्या आणि त्याने दाराकडे झेप घेतली. दारात ताई उभ्या होत्या, जरीचा पदर कमरेला खोचून. त्यांनी त्याची मानगूट अशी धरली की शर्टाचं बटण उडून खिरीच्या गंजात पडलं. मुलीच्या वडिलांनी माझे हात हातात घेतले. त्यांच्या घराच्या पायऱ्या तोडायला तो सोमवारी येणार, असं पंगतीआधीच ठरलं होतं.

त्याच्या भाड्याच्या खोलीची झडती घेतली. सिमेंट लावायची साधी थापीसुद्धा सापडली नाही. सापडले ते टॉवेल आणि टोप्या, कोपऱ्यात छातीएवढा ढीग! पंचनामा लिहिताना पंच हसत होते. माझं हसू मात्र लवकरच मावळलं, कारण चौकशीत तो दादच देईना.

आरडाओरडा करणारा आरोपी सोपा असतो; थोड्या वेळात थकतो आणि बोलतो. तुमची तब्येत विचारणारा आरोपी फार अवघड. हा माझ्यासमोर बसून म्हणायचा, "साहेब, काम अर्धं राह्यलं, करून देतो. याच्यात पोलीस कायले? हे तं दिवाणी मॅटर झालं." रागावलो तर म्हणायचा, "बीपी वाढते साहेब, जपा." ताईंना तर त्याने विचारलं, "मुलीसाठी स्थळ पाहून राह्यले का?" मिस्त्री कोण आणले, माल कुठून आणला, आणखी कोणाची घरं उघडी पाडून ठेवलीस, या कशालाच उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चौकशीला बसलो. त्याच दिवशी फुलसावंगीला मुलाची आणि इकडे मुलीची हळद होती. मी ठाण्यात पोचलो तोच मुलाच्या वडिलांचा फोन आला होता. आवाज आनंदाने फुटत होता. "ठाणेदार साहेब, चोर धरला म्हणे! याच मंग हळदीले. गॅलरीत डीजे चढवला हाये, सारं गाव नाचनार आज!"

चौकशीच्या खोलीत तो पाण्याचा ग्लास घेऊन बसला होता. मी चिडून म्हटलं, "फुलसावंगीचं काम म्हणे एक नंबर केलंस. मग बाबूंनीच तुझं काय घोडं मारलं होतं?"

"ज्याचं त्याचं नशीब साहेब."

"त्यांचं नशीब जोरात आहे खरं. आज तुझ्या त्या गॅलरीत डीजे आहे. सगळी भावकी वर चढून नाचणार आहे."

ग्लास ओठाशी जाता जाता थांबला.

"गॅलरीत?"

"हो."

"सारे लोक?"

अशा वेळी बोलायचं नसतं. त्याच्या चेहऱ्यावरचं ते कायमचं हसू पहिल्यांदा गेलं आणि आत एक भेदरलेला माणूस दिसला. "म्या तं म्हटलं होतं, फक्त नवरदेव अन् दोन करवल्या... फोटोपुरतं..." ग्लास त्याने खाली ठेवला. "साहेब, लोकायले खाली उतरवा. आधी उतरवा, मंग मले काय मारायचं थे मारा."

"काय केलंस तिथं? बोल लवकर!"

"बाहेर निघालेल्या गॅलरीले सळई वरून लागते. म्या खालूनच टाकली, थेबी पातळ. मालात वाळूच जास्त. लग्नाची घाई होती, तं टेकूबी लवकर काढले. अंगनात लेकरं असतीन साहेब खाली, अंगनातबी असतीन..."

मी खोलीबाहेर धावलो. मुलाच्या वडिलांना फोन: वाजतोय, वाजतोय, कोणी उचलत नाही. फुलसावंगी ज्यांच्या हद्दीत येते त्या महागाव ठाण्याला लावला. तिथला अंमलदार भला माणूस. म्हणाला, गाडी बंदोबस्ताला गेली आहे, मोटारसायकलवर माणूस पाठवतो, पण वेळ लागेल. गावच्या पोलीस पाटलाला लावला. तोही उचलेना. उचलणार कसा? तोही हळदीलाच असणार, डीजेच्या पुढ्यात! तो भोंगा वाजत असताना खिशातला फोन कोणाला ऐकू येतो? इतक्या दूर आमची गाडी पोचेपर्यंत तिथे काय होऊन बसेल, याचा विचारही करवत नव्हता.

तेव्हा ताई म्हणाल्या, "सर, हळदीच्या घरी बाप्ये फोन उचलत नसतात. बायका दिवसभर व्हिडिओ कॉलवर असतात. नवरीकडं चला!"

काय डोकं चाललं त्यांचं! जीप काढली, सायरन लावला, भर उन्हात शहरातून लोहाऱ्याच्या रस्त्याला लागलो. लोक दुकानातून बाहेर येऊन पाहत होते. कॉलनीत शिरलो तेव्हा शेजारच्या अंगणात हिरवा मांडव होता, बायका गाणी म्हणत होत्या, आणि मांडवात पाटावर ती मुलगी बसली होती, कोपरापर्यंत हळदीने पिवळी. समोर स्टीलच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला. ताईंचं खरं होतं. पलीकडून मुलीची होणारी नणंद तिकडची हळद दाखवत होती.

मी त्या छोट्या पडद्यात डोकावलो. नवी पिवळी रंगवलेली गॅलरी. कठड्याला चिकटून डीजेचे मोठाले डबे. माणसाला माणूस लागून नाचतंय. नवरदेव पाटावर, त्याच्या भोवती लेकरं उड्या मारतायत, आणि प्रत्येक ठोक्याला मोबाइल हलतोय.

मी बाबूंना बाजूला घेऊन सांगितलं. ते भिंतीला टेकले. "साहेब, हळदीच्या दिवशी त्यांच्या घरी असं अभद्र कसं बोलायचं? नव्या घराला पडणार म्हणायचं? उद्या लग्न आहे हो. मोडतील ते. मी... मी बोलतो हळूच, नवरदेवाला बाजूला बोलवून..."

"बाबूसाहेब, हळूच बोलायला वेळ नाही!"

मुलीने ऐकलं होतं. तिने पिवळ्या हाताने मोबाइल उचलला. "वन्सं, मामाजींना द्या. आत्ता!"

नणंद हसत होती. "वहिनी, दादालेच देतो ना!"

"मामाजींना द्या म्हटलं ना!"

तिचा आवाज ऐकून गाणाऱ्या बायका थांबल्या. पडद्यावर सासऱ्यांचा चेहरा आला, मिशांना हळद लागलेली. "बोला सूनबाई!"

"मामाजी, डीजे बंद करा. सगळ्यांना खाली उतरवा, अंगणही मोकळं करा. गॅलरी कच्ची आहे. पडणार आहे ती!"

"काय म्हन्ता? आयकू येत नाही!"

ती ओरडून बोलली. कोणीतरी तिकडे गाणं बंद केलं आणि नेमकं तेव्हाच तिचे शेवटचे शब्द सगळ्या गॅलरीने ऐकले. सासऱ्यांचा चेहरा पाहता पाहता कठोर झाला. "हळदीच्या दिवशी असं तोंडातून काढतेत का? तुमच्या घरची भिंत गेली, म्हनून आमचंबी पाडता का? येच संस्कार का?"

मुलीची आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाबूंनी डोळे मिटून घेतले. ती पोर मात्र पाटावरून उठून उभी राहिली.

"मामाजी, लग्न मोडायचं तर मोडा! मी घरी बसेन, कोणाला दोष देणार नाही. पण आधी खाली उतरा. वर लेकरं आहेत हो!"

कॉल कट झाला.

नंतर फोन लागेना. ती तशीच उभी होती, मोबाइल छातीशी धरून. आईने तिला बसवायचा प्रयत्न केला, ती बसली नाही. मी ठाणेदार, कमरेला पिस्तूल, आणि करण्यासारखं काही नाही! इतका लाचार मी उभ्या नोकरीत झालो नव्हतो.

मग माझा फोन वाजला. मुलाचे वडील. मी हॅलो म्हणायच्या आत त्यांनी तोंड सोडलं.

"उतरवले जी सारे लोक! पोरगा अडून बसला, थे म्हन्ते तं उतरा म्हने. डीजेवालाबी उतरवला. आवाराच्या बाहेर रस्त्यावर उभे हायेत सारे, उन्हात! काय झालं? काहीच नाही झालं! गॅलरी हाये तशी हाये! भरल्या हळदीतून पाटावरून पोरगा उठवला माह्या तुमी. सोयरे तोंडावर हसून राह्यले. ठाणेदार असान आपल्या घरचे, म्या काय आज..."

आणि तो आवाज आला. गिट्टीचा ट्रक एकदम रिकामा करावा तसा. मागोमाग बायकांच्या किंकाळ्या, लेकरांचं रडणं, कुत्र्यांचं भुंकणं. आणि फोनवर नुसता श्वास.

"हॅलो! कोणाला लागलं का? अहो, बोला ना! कोणाला लागलं का?"

मग त्यांचा आवाज आला, पण तो खणखणीतपणा पार गेलेला. "नाही जी. कोनाले नाही. सारे रस्त्यावर हायेत. डीजेचे डब्बे गेले... लेकरं हायेत सारी. मोजून राह्यलो."

मी मांडवात ओरडलो, "सगळे सुखरूप आहेत!"

फोनवर ते म्हणाले, "सूनबाईले फोन द्या."

मी दिला. तिने तो हळदीच्या हाताने कानाला लावला. मोठा माणूस हुंदका गिळतो तेव्हा जसं होतं तसं काहीतरी तिकडे होत होतं. मग त्या शांततेत मलाही ऐकू आलं, "पोरी, उद्या वरात घेऊन येतो आमी. वाट पाह्यजो."

ती मटकन पाटावर बसली आणि हमसून हमसून रडली. ताई रडल्या, बाबू रडले, आणि सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही, मीही रडलो. रडता रडता हसू येत होतं, इतका आनंद झाला होता!

लग्न ठरल्या वेळेला लागलं. तपासात पुढे आणखी कुटुंबं उभी राहिली. सगळ्यांनी तेच सांगितलं: आम्हाला वाटलं, तो त्यांच्याकडचा. फसवणुकीच्या जोडीला लोकांचा जीव धोक्यात घातल्याची कलमं लागली, दोषारोपपत्र गेलं आणि त्याला शिक्षा झाली.

आता लोक मला विचारतात, घराचं काम काढायचं आहे, काय पाहावं? मी सांगतो, माणसाची नोंदणी पाहा. त्याने बांधलेल्या दोन घरांत जाऊन तिथल्या बाईला विचारा, पाऊस आत येतो का. करार लिहून घ्या. काम जसं उठेल तसे पैसे द्या. आणि काही झालं तरी नवा आधार उभा राहिल्याशिवाय जुनी भिंत पाडू देऊ नका. लोक मान डोलावतात आणि मग हळूच म्हणतात, "पण साहेब, तो आमच्या साडूच्या ओळखीचा आहे, त्याला कसं विचारायचं?" तेव्हा माझं डोकं फिरतं.

कारण त्या पाहुण्याचा जबाब मी स्वतः नोंदवला होता. शेवटी मी त्याला विचारलं होतं, इतक्या लोकांशी इतकं खोटं बोलताना तुला काहीच वाटलं नाही का? तो माझ्याकडे खरोखर नवल वाटल्यासारखा पाहायला लागला.

"खोटं? म्या कोनालेच म्हटलं नाही साहेब, का मी तुमचा सोयरा हाय म्हनून. लायसन हाय असंबी म्हटलं नाही. मले कोनी इचारलंच नाही."

त्याच्या सगळ्या जबाबात मला पूर्ण खरं वाटलेलं तेवढंच एक बोलणं. ती पोर भरल्या हळदीत, स्वतःचं लग्न पणाला लावून तोंड उघडू शकली; आणि आपण साधं नाव विचारायला लाजतो. मी आता नळ दुरुस्त करायला आलेल्यालाही दारात उभं करून विचारतो. नात्यातले दोघं-तिघं त्यापायी रुसून बसले आहेत, माझ्याकडे येत नाहीत. नाही आले तरी चालेल, पण तुम्ही विचारा.